गणिताचा उत्सव आणि अकामहत आनंद

उत्सव कोणाचा करावा या प्रश्नाला आपल्या परंपरेने फार उदार उत्तर दिले आहे. देवाचा उत्सव होतो तसा बैलाचा होतो, नागाचा होतो, शस्त्रांचा होतो आणि चोपड्यांचाही होतो. मात्र या प्रत्येक वेळी हळदकुंकू वाहण्यासाठी समोर काहीतरी मांडलेले असते. गणिताला अशी मूर्ती नाही. पाच बोटे दाखवता येतात, पण पाच ही संख्या दाखवता येत नाही. फळ्यावर काढलेला त्रिकोण खडूच्या जाडीमुळे कधीच खरा त्रिकोण नसतो, आणि तरीही त्याच्या तीन कोनांची बेरीज दोन काटकोनांइतकी असते हे विधान मात्र जराही डळमळत नाही. म्हणूनच दरवर्षी २२ डिसेंबरला, श्रीनिवास रामानुजन यांच्या जन्मदिनी (जन्म १८८७, इरोड), शाळांमधून राष्ट्रीय गणित दिवस साजरा होतो, तेव्हा नेमके काय साजरे होते हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा ठरतो. दिवसाचा कार्यक्रम आखणाऱ्या शिक्षकाला तो टाळता येत नाही, कारण उपक्रमांची निवड या प्रश्नाच्या उत्तरावरच अवलंबून असते, मग ते उत्तर कोणी उच्चारलेले असो वा नसो.

भारत सरकारने हा दिवस डिसेंबर २०११ मध्ये जाहीर केला आणि पुढचे २०१२ हे वर्ष राष्ट्रीय गणित वर्ष म्हणून पाळले गेले. युनेस्कोने २०१९ मध्ये १४ मार्च हा आंतरराष्ट्रीय गणित दिवस म्हणून मान्य केला. त्यामागे महिना आधी आणि तारीख नंतर लिहिण्याची अमेरिकी पद्धत आहे, जिच्यामुळे त्या दिवशी ३.१४ हे पाय या गुणोत्तराचे पहिले तीन अंक दिसतात. आपल्याकडील तारखेच्या पद्धतीने २२ जुलै हा दिवस २२/७ या अपूर्णांकाशी जुळतो, आणि २२/७ ही किंमत ३.१४ पेक्षा पायच्या अधिक जवळ आहे. पण पुणे जिल्ह्यातील भोर-वेल्ह्याच्या पश्चिम भागात तेव्हा भातलावणीची धांदल असते, त्यामुळे गावाला सोबत घेऊन काही करायचे तर डिसेंबरच बरा.

या विवेचनासाठी सारोळे हे गाव डोळ्यांसमोर ठेवणे उपयुक्त आहे. भोर तालुक्यातील हे गाव पुणे-सातारा महामार्गावर नीरा नदीच्या काठी वसले असून येथील पूल ओलांडला की सातारा जिल्हा सुरू होतो. येथील किंवा आसपासच्या कोणत्याही जिल्हा परिषद शाळेतील गणित दिवसाचे चित्र महाराष्ट्रातील इतर शाळांहून फारसे वेगळे असण्याचे कारण नाही. प्रतिमेला हार घालणे, नारळ फोडणे, पाहुण्यांचे मनोगत, पाढे पाठांतराची स्पर्धा, भौमितिक आकृत्यांच्या रांगोळ्या, वस्तूंच्या खरेदी-विक्रीचा बालबाजार, आणि शेवटी पहिला, दुसरा, तिसरा व उत्तेजनार्थ अशी बक्षिसे, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. यामागची कळकळ खरी असते आणि तिचा अनादर करण्याचे काही कारण नाही. प्रश्न एवढाच उरतो की त्या दिवशी मुलांना जो आनंद होतो तो गणिताचा असतो की गणिताच्या निमित्ताने मिळालेल्या सुटकेचा, टाळ्यांचा आणि बक्षिसाचा.

आनंदाची अशी विभागणी करता येते काय? तैत्तिरीय उपनिषदाच्या ब्रह्मानंदवल्लीत नेमका हाच प्रश्न हाताळला असून, लक्षणीय गोष्ट अशी की तो गुणाकाराच्या साहाय्याने हाताळला आहे. ‘आनंदमीमांसा’, म्हणजे आनंदाचे स्वरूप तपासण्याचा विचार, या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या भागात प्रथम एक माप ठरवले जाते: तरुण, सुशिक्षित, दृढ शरीराचा आणि धनधान्याने भरलेल्या पृथ्वीचा स्वामी असलेला मनुष्य जो आनंद भोगतो तो एक मानुष आनंद. त्याच्या शंभरपट मनुष्यगंधर्वांचा, त्याच्या शंभरपट देवगंधर्वांचा, आणि याच पटीने पुढे पितर, आजानज देव, कर्मदेव, देव, इंद्र, बृहस्पती, प्रजापती आणि अखेरीस ब्रह्म. शंभराने केलेले हे गुणाकार दहा आहेत. म्हणजे अखेरचा आनंद पहिल्याच्या एकावर वीस शून्ये इतक्या पट होतो. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तील संख्यानामांची यादी ज्या परार्धापाशी थांबते तो एकावर सतरा शून्यांचा आहे, म्हणून हा आनंद परार्धाच्याही हजारपट भरतो. सातवीच्या वर्गातील मुलाला घातांकाच्या नियमाने हे गणित दोन ओळींत सोडवता येईल, आणि ते सोडवताना आपण एका उपनिषदाचा युक्तिवाद तपासत आहोत हे त्याला सांगितले तर त्यात वावगे काही नाही.

परंतु त्या भागाचे मर्म या पायऱ्यांत नाही. मनुष्यगंधर्वांपासून पुढे प्रत्येक पायरीवर उपनिषद एक पुस्ती जोडते की तेवढाच आनंद ‘अकामहत’ अशा ‘श्रोत्रिया’लाही आहे. श्रोत्रिय म्हणजे ज्याने विद्या मन लावून आत्मसात केली आहे तो, आणि अकामहत म्हणजे कामनेचा तडाखा ज्याला बसलेला नाही तो. ज्याला जाणण्यापलीकडे जाणण्याचा मोबदला नको आहे, त्याला शिडी चढावी लागत नाही. प्रत्येक पायरीवरचा आनंद तो जिथे आहे तिथेच त्याला उपलब्ध आहे. उपनिषदाचा विषय अर्थातच ब्रह्मविद्या हा आहे, तरीही ज्ञानाच्या आनंदाचे इतके काटेकोर लक्षण दुसरीकडे क्वचितच सापडते, आणि गणित हा शालेय विषयांपैकी असा विषय आहे की ज्यात हे लक्षण लहान मुलालाही अनुभवता येते. एखादी गोष्ट अशीच का आहे हे उमगण्याच्या क्षणी मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसते, त्याला बक्षिसाची वाट पाहावी लागत नाही.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. श्रोत्रिय हा शब्द इतिहासात सर्वांसाठी खुला नव्हता; स्त्रियांना आणि शूद्र मानल्या गेलेल्यांना वेदाध्ययन नाकारले गेले, आणि त्या नकाराबरोबर हा आनंदही नाकारला गेला. सारोळ्याहून नीरा ओलांडून थोडे पुढे गेले की खंडाळा तालुक्यातील नायगाव लागते, जेथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली, तेव्हा उपनिषदातील त्या वाक्याचा अधिकार कोणाला, या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले गेले. आजच्या जिल्हा परिषद शाळेत पाटीवर आकडे गिरवणारी मुलगी ही त्या अर्थाने श्रोत्रिय आहे, आणि तिला श्रोत्रिय न मानणारा कोणताही उत्सव कितीही मंगल दिसला तरी अपुरा आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल: जिचा उत्सव करायचा ती संख्या कोठे असते? रामानुजन हे नामक्कलच्या नामगिरी देवीचे निस्सीम भक्त होते आणि आपली सूत्रे हा देवीचा प्रसाद आहे अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांना केंब्रिजला बोलावणारे जी. एच. हार्डी कट्टर नास्तिक होते. तरीही १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी असे मत मांडले की गणिती सत्य माणसाच्या बाहेर आहे आणि गणितज्ञ ते केवळ पाहतो व नोंदवतो. भक्त आणि नास्तिक यांचे येथे एकमत होते, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे. याच्या उलट, डच गणितज्ञ ब्रॉवर यांच्या मते गणित ही मनाने केलेली रचना असून मनाबाहेर तिला अस्तित्व नाही.

वैशेषिक दर्शनाने घेतलेली भूमिका या दोहोंपेक्षा वेगळी, आणि शाळेच्या दृष्टीने अधिक फलदायी आहे. प्रशस्तपादांच्या ग्रंथात संख्या हा द्रव्याचा गुण मानला आहे. पण ‘एकत्व’ प्रत्येक वस्तूत आपोआप असते, तर द्वित्वापासून परार्धापर्यंतच्या संख्या ‘अपेक्षाबुद्धी’मुळे उत्पन्न होतात. अपेक्षाबुद्धी म्हणजे ‘हे एक, हेही एक’ अशी अनेक वस्तूंना एकत्र धरणारी जाणीव. ती जाणीव निर्माण झाली की वस्तूंमध्ये द्वित्व येते, आणि ती मावळली की द्वित्वही मावळते. पहिलीच्या वर्गातील मूल जमिनीवर चिंचोके मांडून एकेकावर बोट ठेवत पुढे सरकते, मध्येच चुकते, पुन्हा पहिल्यापासून धरते आणि शेवटच्या चिंचोक्यावर थबकून ‘सात’ म्हणते, तेव्हा वैशेषिकांच्या मते सातपणा त्या क्षणी त्या मुलाच्या बुद्धीमुळे त्या चिंचोक्यांत आलेला असतो. चिंचोके खरे असतात आणि गणनाही खरी असते, पण मुलाच्या मनाची क्रिया घडल्याशिवाय सात ही संख्या तेथे नसते. हा सिद्धांत सर्व दर्शनांनी मान्य केला नाही, आणि आधुनिक तर्कशास्त्राच्या कसोटीवर त्यात अडचणी आहेत. परंतु गणिताच्या उत्सवात पूजेला काय मांडावे याचे इतके नेमके उत्तर दुसऱ्या कोणत्याही मताने दिलेले नाही. मांडायची असते ती मुलाची अपेक्षाबुद्धी. ती जेथे चालत नाही, तेथे हार, रांगोळी आणि भाषण असूनही उत्सवमूर्ती गैरहजर असते.

या कसोटीवर काही प्रचलित उपक्रम उतरतात आणि काही उतरत नाहीत. पाढे पाठांतराच्या स्पर्धेत स्मरण आणि वेग चालतो, अपेक्षाबुद्धी क्वचितच. बालबाजार हा व्यवहाराचे उत्तम शिक्षण देतो, आणि नवव्या शतकात महावीराचार्यांनीही गणिताच्या उपयोगांत लौकिक व्यवहार गणला आहे. पण बाजारातला आनंद गल्ल्यात जमलेल्या पैशांचा असतो, म्हणून त्याला वर्षात दुसरा दिवस द्यावा. रांगोळीची गोष्ट मात्र निराळी आहे, कारण ठिपक्यांच्या रांगोळीत गणित दडलेले असते आणि आपण ते दडलेलेच ठेवतो. एक, तीन, पाच, सात, पाच, तीन, एक अशा ओळींनी मांडलेले ठिपके किती, हे मोजले तर पंचवीस भरतात. पण तीच रांगोळी मान तिरपी करून पाहिली की चार ठिपके बाजूचा एक चौरस आणि त्याच्या फटींत बसलेला तीन ठिपके बाजूचा दुसरा चौरस दिसू लागतो: सोळा आणि नऊ. मधली ओळ नऊ ठिपक्यांची केली तर पंचवीस आणि सोळा मिळून एक्केचाळीस होतात, आणि हे न मोजता सांगता येते. ज्या मुलीला हे दिसले तिच्यापुरती सिद्धता पूर्ण झाली. रंग भरणे त्यानंतरही चालते.

दुसरा उपक्रम महाराष्ट्राच्याच एका शिक्षकाने दिलेला आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (जन्म १९०५, डहाणू) यांनी देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात शिकवले, आणि संख्यांच्या गुणधर्मांचा शोध कोणत्याही पदाशिवाय, बहुतेक एकट्याने, आयुष्यभर चालवला. गणितावर लोकप्रिय लेखन करणारे मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये त्यांच्याविषयी लिहिल्यानंतर जगाचे त्यांच्याकडे लक्ष गेले, म्हणजे निवृत्तीनंतर तेरा वर्षांनी. तोपर्यंत संख्यांचा आनंद हाच त्यांचा मोबदला होता. अकामहत या शब्दाला आपल्या मातीतील इतके चपखल उदाहरण सहसा मिळत नाही. त्यांची कृती अशी: चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लिहून मोठीतून लहान वजा करावी, आणि उत्तरावर पुन्हा तेच करावे. सारोळे महामार्गावर असल्याने येथे पुण्याच्या एमएच १२ आणि साताऱ्याच्या एमएच ११ पाट्यांच्या गाड्यांना तोटा नाही. अर्थात मुलांना रस्त्याच्या कडेला उभे न करता शाळेच्या आवारात वा गावात उभ्या असलेल्या वाहनांचे क्रमांक घेणे योग्य. समजा क्रमांक १९८५ आहे. ९८५१ वजा १५८९ म्हणजे ८२६२. ८६२२ वजा २२६८ म्हणजे ६३५४. ६५४३ वजा ३४५६ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. येथून पुढे कितीही वेळा केले तरी ६१७४च येते. चारही अंक सारखे असलेल्या संख्या सोडल्या तर प्रत्येक चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत येथे पोहोचते. एखादे मूल १११२ घेईल, पहिल्या वजाबाकीत ९९९ मिळवील आणि पुढच्या पायरीत शून्यावर येऊन अडेल. तेव्हा चूक दाखवण्याची घाई शिक्षकाने करू नये, कारण ९९९च्या आधी राहून गेलेले शून्य त्या मुलानेच शोधून ०९९९ लिहिले, तर स्थानिक किंमत काय असते हे त्याला पुन्हा कधी सांगावे लागणार नाही. वरच्या वर्गांना याहून खोल प्रश्न देता येतो: ६१७४ हे निसर्गातील सत्य आहे की आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून तयार झालेले? माणसाला आठ बोटे असती आणि तो आठच्या पटीत मोजता, तर ही संख्या या स्थानी राहिली नसती, पण त्रिकोणाच्या कोनांची बेरीज तीच राहिली असती. रामानुजन, हार्डी आणि ब्रॉवर यांच्यातला वाद आठवीच्या बाकावर येऊन बसतो तो असा.

कापरेकरांनी अभ्यासलेल्या स्वयंभू संख्यांचा उल्लेख येथे एका वेगळ्या कारणासाठी आवश्यक आहे. कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. १५ पासून २१ होते. जी संख्या अशा रीतीने कोणत्याही संख्येपासून जन्मत नाही ती स्वयंभू. जपमाळेतील मण्यांची संख्या १०८ ही अशी स्वयंभू आहे, आणि ते मुलांना तपासून पाहता येते. परंतु १०८ची पवित्रता आणि तिचे स्वयंभू असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिली श्रद्धेने स्वीकारली जाते, दुसरी तपासणीने सिद्ध होते, आणि एकीचा आधार दुसरीला देणे हा दोघींवरही अन्याय आहे. गणित दिवसाच्या भाषणांत ‘वैदिक गणित’ या नावाखाली नेमके हेच घडते. भारती कृष्ण तीर्थ यांच्या १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातील आकडेमोडीच्या युक्त्या उपयोगी असतील, पण ती सूत्रे वेदांत आढळत नाहीत, हे तेव्हा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असलेले गणितज्ञ एस. जी. दाणी यांनी स्पष्ट दाखवून दिले आहे. वैदिक काळाचे खरे गणित शुल्बसूत्रांत आहे, जेथे निरनिराळ्या आकारांच्या यज्ञवेदी समान क्षेत्रफळाच्या कशा रचाव्यात हे दोरी आणि खुंट्यांच्या साहाय्याने सांगितले आहे. शाळेच्या मैदानावर दोरी ताणून ते आजही करता येते, आणि परंपरेचा अभिमान बाळगण्यास तेवढे पुरेसे आहे.

स्पर्धा नसेल तर मुले येतील काय, ही शंका रास्त आहे. गावातील अखंड हरिनाम सप्ताहाकडे पाहिले तर तिचे उत्तर मिळते. सात दिवस गाव त्यात रंगते, विणा हातोहात फिरतो, काल्याच्या दिवशी प्रत्येक घरातून आलेले एकत्र कालवून सर्वांना सारखे वाटले जाते, आणि या सगळ्यात पहिला क्रमांक कोणाचाच येत नाही. गणिताच्या उत्सवातही प्रत्येक मुलाने स्वतःला पडलेला एक प्रश्न आणावा आणि ते प्रश्न सर्वांनी मिळून सोडवावेत, असा काला घालता येईल. उरला प्रश्न पोटापाण्याचा. शिष्यवृत्तीची परीक्षा, पुढे शिरवळच्या कारखान्यांतील नोकरी, यांसाठी गणित लागते आणि त्या इच्छेत काहीही हीन नाही. अर्थ हाही पुरुषार्थच आहे. त्या कामनेसाठी वर्षाचे इतर दिवस आहेत. गरिबाच्या मुलाला निरपेक्ष आनंदाची चैन परवडत नाही असे म्हणणे म्हणजे तो आनंद पुन्हा एकदा मोजक्यांच्या हाती सोपवणे होय.

गावाने गणितासाठी पदरचे काही द्यावे, ही कल्पनाही महाराष्ट्राला नवी नाही. चाळीसगावजवळ पाटणे येथील देवीच्या मंदिरात तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे, जो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू आणि यादव राजा सिंघण याच्या दरबारातील ज्योतिषी चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापन केल्याची आणि त्या मठाला मिळालेल्या दानांची नोंद त्यात असून, दानाच्या तपशिलाचा भाग जुन्या मराठीत आहे. देवीच्या मंदिरात गणिताच्या मठाचा लेख असावा आणि त्यासाठी स्थानिक लोकांनी भार उचलावा, यात त्या काळाच्या समाजाला काही विसंगत वाटले नाही.

सारोळ्यासारख्या गावाला मठ उभारण्याची गरज नाही. एक मीटर लांबीची सरळ काठी पुरते. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो, आणि सारोळ्याच्या अक्षांशावर त्या दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास एक मीटर उंच काठीची सर्वांत आखूड सावली सुमारे ८९ सेंटिमीटर भरते. तीच काठी सावित्रीबाईंच्या जन्मदिनी, म्हणजे ३ जानेवारीला, मोजली तर सावली सुमारे ८७ सेंटिमीटर होते. दोन सेंटिमीटरचा हा फरक डोळ्यांना जाणवत नाही, मोजपट्टीला जाणवतो. ‘लीलावती’त सावलीच्या गणितासाठी छायाव्यवहार हे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि काठीला तेथे शंकू म्हटले आहे. रामानुजनांच्या जन्मदिनापासून सावित्रीबाईंच्या जन्मदिनापर्यंत रोज दुपारी वेगवेगळ्या वर्गाने सावली मोजून भिंतीवरच्या चौकटीच्या कागदावर बिंदू मांडला, तर तेरा दिवसांत मुलांच्या हातून एक आलेख तयार होतो, जो कोणत्याही पुस्तकातून उतरवलेला नाही.

भोर-वेल्ह्यातील शाळा व्यवस्थापन समित्यांनी आपल्या नोव्हेंबरच्या बैठकीत या तेरा दिवसांचा विचार करावा, बक्षिसांसाठी ठेवलेली रक्कम काठ्या, दोरी, मोजपट्ट्या आणि चौकटीच्या कागदावर खर्च करावी, आणि दुपारचा अर्धा तास कोणत्याही भाषणाशिवाय मुलांच्या स्वाधीन करावा.